दुखणं कामाचं, औषध कर्मचाऱ्याला: ऑफिसातले वेलनेस प्रोग्रॅम नेमकं काय साधतात?

सकाळी एचआरचा मेल आला. विषय: ‘चला, ताण पळवूया!’ गुरुवारी दुपारी एक ते पावणेदोन ध्यानाचं सत्र. येणं ऐच्छिक, ‘तरी सर्वांची उपस्थिती अपेक्षित’. मी गेले. वीस-बावीस जण मीटिंग रूममध्ये डोळे मिटून बसलेले, प्रशिक्षक बाई संथ आवाजात श्वास मोजायला सांगत होत्या आणि टेबलावर उपडे ठेवलेले फोन आळीपाळीने थरथरत होते. माझाही थरथरला. तो उचलून न बघणं हाच त्या पाऊण तासातला सगळ्यात अवघड व्यायाम होता. सत्र संपल्यावर बघितलं तर टीम लीडचा मेसेज: ‘दोनची मीटिंग दीडला घेतोय.’ म्हणजे मी शांत होत होते तेव्हा मीटिंग सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती.

त्या दिवसापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आले आहे. प्रश्न साधाच आहे: हा एवढा खर्च, एवढे मेल, एवढी पावलं मोजणं, यातून कुणाची तब्येत खरंच सुधारते का? एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण गेल्या काही वर्षांत यावर चांगले प्रयोग झालेत आणि त्यांनी बराच धुरळा खाली बसवलाय.

## एकाच टोपलीत काय काय

‘वेलनेस प्रोग्रॅम’ हा शब्द इतका सैल झालाय की त्यात काहीही मावतं. रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग, अर्थात काही तक्रार नसतानाच आजार हुडकणं. पावलांच्या स्पर्धा, वजन कमी करायचे गट, सिगारेट सोडवायचे वर्ग. ध्यान, योग, ‘मनाची लवचिकता’ वाढवणाऱ्या कार्यशाळा. ईएपी, म्हणजे अडचणीतल्या कर्मचाऱ्याने समुपदेशकाशी गुपचूप बोलायची, कंपनीने पैसे भरलेली सोय; हिचं मूळ १९४० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांसाठी सुरू केलेल्या योजनांत आहे. आणि ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार आधीच आहे त्यांच्या मागे लागून औषधं-तपासण्या वेळेवर करवून घेणं, हेही त्याच टोपलीत.

त्यामुळे ‘वेलनेसचा उपयोग होतो का?’ हा प्रश्न ‘गोळीने बरं वाटतं का?’ यासारखा आहे. कोणती गोळी, कुणाला, कशावर, हे आधी विचारावं लागतं.

जाता जाता पावलांबद्दल. रोज दहा हजारच का? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव होतं ‘मानपो-केई’, शब्दशः दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्क स्त्रियांच्या पाहणीत मृत्यूचा धोका साडेसात हजार पावलांच्या आसपासच कमी व्हायचा थांबलेला दिसला. त्यापुढे चालून फारसा जादा फायदा नव्हता. चालणं चांगलंच. पण रात्री साडेअकराला सोसायटीच्या जिन्यात उरलेली बाराशे पावलं भरून काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने तो वेळ झोपेत काढला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

## कंपन्यांना आपली एवढी काळजी का वाटू लागली?

उत्तराचा मोठा भाग पैशात आहे. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्यविमा नोकरीतूनच येतो. म्हणजे कर्मचारी आजारी पडला की त्याची झळ कंपनीच्या खिशाला बसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या माणसांसाठी मोठा आरोग्य उपक्रम सुरू केला आणि पुढे अनेकांनी त्याचा कित्ता गिरवला.

मग २०१० मध्ये हार्वर्डच्या कॅथरिन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: वेलनेसवर एक डॉलर खर्च केला की औषधोपचाराचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरने आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरने कमी होतो. एक टाका, सहा काढा. इतका गोड आकडा कुठल्या वित्त विभागाला नको असेल? त्याच वर्षी आलेल्या अमेरिकेच्या आरोग्यसेवा कायद्याने कंपन्यांना यासाठी विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत बक्षीस किंवा भुर्दंड ठेवायची मुभा दिली. धंदा फोफावला आणि तिथून बाकीच्या जगात पसरला, विम्याचं गणित जिथे अगदी वेगळं आहे तिथेही.

दुसरं कारण गैरहजेरीहून अवघड आहे. माणूस सुट्टी घेतो तेव्हा निदान खुर्ची रिकामी दिसते. पण दुखणं अंगावर काढून कामावर आलेला माणूस कागदोपत्री हजर असतो आणि काम मात्र अर्धंच होतं. याला व्यवस्थापनाच्या भाषेत ‘प्रेझेंटीझम’ म्हणतात. ‘अंगावर काढणं’ हा आपला शब्द त्याहून कितीतरी नेमका आहे.

## मग हिशेब चुकला कुठे?

शाळेत जादा तासाला कोण बसायचं ते आठवा. पहिल्या बाकावरची मुलं. ज्यांना खरी गरज होती ती मैदानावर असायची, किंवा घरी कामाला जुंपलेली. वर्षाअखेरीस गुरुजींनी ‘जादा तासाला आलेल्यांचे गुण बघा, न आलेल्यांचे बघा’ असा तक्ता काढला तर जादा तास चमत्कारी वाटणारच. पण ती मुलं तासाला न येताही पुढेच राहिली असती.

वेलनेसच्या जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत हेच झालं होतं. भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना. जो आधीच पहाटे धावायला जातो तोच पावलांच्या स्पर्धेत नाव देतो. ज्याची साखर वाढलेली असायची शक्यता आहे तो तपासणीच्या दिवशी नेमका रजेवर असतो. एकदा मीही असे राहिले आहे.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कोणाला योजना द्यायची, कोणाला नाही हे नशिबावर सोडायचं, म्हणजे दोन्ही गटांत हौशी आणि आळशी सारखेच येतात आणि शेवटी जो फरक उरतो तो योजनेचाच असतो. २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच विद्यापीठाच्या ४,८३४ कर्मचाऱ्यांवर हा प्रयोग केला. काहींना तपासण्या, वर्ग, बक्षिसं असा पूर्ण कार्यक्रम, बाकीच्यांना काही नाही. निष्कर्ष: उपचारांचा खर्च, व्यायामाच्या सवयी, गैरहजेरी, कामाची उत्पादकता, यांत लक्षणीय फरक नाही. दोन गोष्टी मात्र वाढल्या. तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण, आणि ‘आमच्या संस्थेला आमच्या तब्येतीची फिकीर आहे’ असं मानणाऱ्यांचं प्रमाण.

मला या अभ्यासातली सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच वाटते. त्याच लोकांची, त्याच काळातली माहिती त्यांनी जुन्या पद्धतीनेही तपासली, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. तर काय, फायदेच फायदे! जुन्या अभ्यासांसारखेच. तराजू बदलला की वजन नाहीसं होतं, हे एकाच वजनावर दाखवून दिलं त्यांनी.

दुसरा मोठा प्रयोग ‘बीजेज होलसेल क्लब’ या अमेरिकन दुकानसाखळीत झाला. १६० दुकानं, जवळपास ३३ हजार कर्मचारी, त्यातली २० दुकानं चिठ्ठीने निवडलेली. दीड वर्षानंतर योजनेतले लोक ‘आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असं जास्त प्रमाणात सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन प्रत्यक्ष मोजलं, खर्चाची आणि हजेरीची नोंद बघितली, तर फरक नाही. तीन वर्षांनीही चित्र साधारण तेच. २०१९ मध्ये आलेल्या या अभ्यासाच्या दोन लेखकांपैकी एक कोण? कॅथरिन बेकर. ‘एक टाका, सहा काढा’वाला २०१० चा हिशेब मांडणाऱ्या त्याच. आपलाच गाजलेला आकडा अधिक कडक परीक्षेला बसवायचा आणि निकाल जसा येईल तसा छापायचा, हे फार लोकांना जमत नाही.

## ‘म्हणजे सगळं थोतांडच?’

नाही. टोपलीतल्या काही गोष्टी काम करतात, आणि त्या बहुधा कमी चकचकीत असतात.

पेप्सिकोच्या योजनेची रँड या संशोधन संस्थेने सात वर्षांच्या माहितीवर तपासणी केली. आधीच जुनाट आजार असलेल्यांना मदत करणाऱ्या भागात एका डॉलरला सुमारे ३.८० डॉलर परत मिळाले. सवयी बदलायच्या भागात एका डॉलरला ५० सेंट, म्हणजे निम्मे पैसे बुडाले. हा चिठ्ठीचा प्रयोग नव्हता, तेव्हा आकडे जपूनच धरायचे. पण तर्क पटण्यासारखा आहे. ज्याला दमा आहे त्याचा पंप संपला की नाही याची कुणी चौकशी केली तर दवाखान्यात भरती व्हायची एक वेळ टळते. धडधाकट माणसाला कोशिंबिरीचं महत्त्व सांगून काय टळणार?

सिगारेटचंही तसंच. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात अर्ध्या लोकांना सिगारेट सोडून दाखवल्यास टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलरपर्यंत बक्षीस होतं. वर्षभराच्या टप्प्यावर त्या गटातल्या १४.७ टक्के लोकांची सुटली होती, नुसती माहिती मिळालेल्यांतल्या ५ टक्क्यांची. जवळजवळ तिप्पट. आणि तरीही शंभरातल्या पंच्याऐंशी जणांची सुटली नाहीच, हेही बघून ठेवावं.

कामाच्या जागीच मिळणारी लस, अडचणीच्या दिवसांत उचलायला कुणीतरी असलेला समुपदेशनाचा फोन, यांचीही मी टिंगल करणार नाही. ज्याला त्या फोनची गरज पडली आहे त्याला तर विचारायलाच नको.

## कामच आजारी असेल तर?

इथे खरा मुद्दा येतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक इटालियन वैद्य तीनशे वर्षांपूर्वी बाकीच्या वैद्यांना सांगून गेले की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: काम काय करता? वेलनेसच्या बहुतेक अर्जांत हा प्रश्न नसतो. तुम्ही किती झोपता ते विचारतात. रात्री अकराला कॉल कोण लावतं ते विचारत नाहीत.

कारखान्यातली सुरक्षा बघणाऱ्यांकडे यासाठी एक जुना, पक्का क्रम आहे. समजा एक यंत्र कानठळ्या बसवतंय. पहिला प्रश्न: हे यंत्र बंदच करता येईल का? नाही, तर त्याऐवजी कमी आवाजाचं आणता येईल? तेही नाही, तर त्याभोवती आवाज अडवणारी पेटी बसवता येईल? नाही, तर माणसांच्या पाळ्या बदलून प्रत्येकाचा त्याच्याजवळचा वेळ कमी करता येईल? हे सगळं करून जे उरेल त्यासाठी, सगळ्यात शेवटी, कानात घालायचे बोळे. बोळे शेवटी का, तर ते माणसाच्या आठवणीवर आणि चिकाटीवर अवलंबून असतात, आणि यंत्र तसंच ओरडत राहतं.

ध्यानाचं ॲप म्हणजे कानातले बोळे. वाईट नाहीत. पण आपल्याकडे क्रम उलटा लागलाय: बोळे पहिल्याच दिवशी वाटतात आणि यंत्राकडे कुणी बघतच नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ज्याने रचली त्याला वेलनेसचं बजेट दाखवायला हवं होतं.

ऑफिसात ‘यंत्राचा आवाज’ म्हणजे काय, हे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या एका प्रसिद्ध अभ्यासाने दाखवलं. व्हाइटहॉल अभ्यास, सुरुवात १९६७, सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी. हे खाणीत उतरणारे लोक नव्हते. कुणी उपाशी नव्हतं, दवाखाना सगळ्यांना मोफत. अंदाज असा असायचा की ताण वरच्या साहेबांना, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांच्या तिप्पट होता. मधल्या प्रत्येक पायरीवर तो पायरीगणिक बदलत होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही मोठा फरक शिल्लक राहिला.

१९८५ पासून दहा हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांवर दुसरा अभ्यास झाला, मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली. त्यात एक धागा सापडला: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती. काय आधी करायचं, कसं करायचं, विश्रांती कधी घ्यायची, हे ज्याच्या हातात नव्हतं त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच ही कल्पना मांडली होती. नुसतं काम जास्त असणं वेगळं आणि काम जास्त असून लगाम दुसऱ्याच्या हातात असणं वेगळं. माणूस खचतो तो दुसऱ्या प्रकारात. स्वयंपाकघरात सण असला की बाईला दिवसभर उसंत नसते, तरी ती दमते तशी कुढत नाही, कारण काय आधी चढवायचं ते तीच ठरवते. तेच काम डोक्यावर उभं राहून दर पाच मिनिटांनी कुणी बदलत राहिलं तर?

आणि तासांचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. एकट्या २०१६ मध्ये अशा जादा तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे ७ लाख ४५ हजार.

## ‘पण इथेही पहिल्या बाकाचाच घोळ नसेल कशावरून?’

बरोबर पकडलंत. व्हाइटहॉलमध्ये कुणी चिठ्ठ्या टाकून लोकांना शिपाई आणि साहेब केलं नव्हतं. खालच्या पायरीवर जे येतात ते लहानपणापासूनच ओढाताणीत वाढलेले असू शकतात. संशोधकांनी अशा गोष्टी वजा करून बघितल्या आहेत, तरी शंकेला जागा उरतेच.

म्हणून कामात बदल करून बघणारे प्रयोग महत्त्वाचे. असा एक गॅप या कपड्यांच्या कंपनीत झाला, २०१५-१६ मध्ये, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या २८ दुकानांत. दुकानातल्या कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत, आयत्या वेळी फोन येई. काही दुकानांत, चिठ्ठीने निवडून, पाळ्या जास्त स्थिर केल्या, लोकांना आपसात पाळ्या बदलता येतील अशी सोय केली, गिऱ्हाइकांच्या गर्दीनुसार माणसं वाढवली. या दुकानांत काम करणाऱ्यांची झोप सुधारली. कुणी त्यांना झोपेवर व्याख्यान दिलं नव्हतं. आणि विक्री? मध्यक (म्हणजे ओळीतल्या मधल्या दुकानाचा आकडा) बघितला तर ७ टक्क्यांनी वाढली, कारण दुकानात कामाची माहिती असलेली माणसं वेळेवर हजर होती.

हा आकडा वित्त विभागाला दाखवायला हरकत नाही.

## मनाचं काय?

ताण हा शब्द आपण सगळ्यालाच लावतो, त्यामुळे एक शब्द नीट बघू: बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०१९ पासून त्याचं वर्णन आहे, पण ‘आजार’ म्हणून नव्हे, ‘कामाशी संबंधित स्थिती’ म्हणून. खूप काळ न सांभाळलेल्या कामाच्या ताणातून आलेला थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. व्याख्येतच काम आहे. तरी इलाज मात्र माणसावर.

२०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास गाजला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. ध्यान, लवचिकतेच्या कार्यशाळा, झोपेची ॲप्स यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक सुस्थितीत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. हे सर्वेक्षण होतं, प्रयोग नव्हे. छोट्या, नीट आखलेल्या प्रयोगांत ध्यानाचा ताणावर थोडाफार, थोड्या काळापुरता उपयोग दिसलाही आहे. तेव्हा ध्यान निरुपयोगी असं मी म्हणत नाही; मला स्वतःला आवडतं. पण दीडच्या मीटिंगला ते उत्तर नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या जागच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, हा अंदाज त्यांच्याकडचाच. त्या सूचनांत कामाच्या रचनेतले बदल आहेत, आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर मी बोट ठेवेन. हाताखालचा माणूस गप्प झालाय, चुका करू लागलाय, हे आधी टीम लीडला दिसतं, कुठल्या ॲपला नाही. आणि ‘काय रे, बरा आहेस ना?’ हे सगळ्यांसमोर विचारायचं की बाजूला घेऊन, एवढं शिकवायलाही अर्धा दिवस पुरतो.

## ‘तब्येत ही ज्याची त्याची जबाबदारी नाही का?’

आहेच. सिगारेट कंपनी ओढत नाही. पण जबाबदारी आणि ताबा एकत्र जायला हवेत. जेवणाची वेळ माझ्या हातात नसताना वेळेवर जेवायची जबाबदारी माझी, हा करार एकतर्फी झाला.

छोट्या संस्थांना हे परवडेल का, असंही विचारतात. उलट त्यांनाच सोपं आहे. जिम आणि ॲप विकत घ्यायला पैसे लागतात. मीटिंग वेळेवर संपवायला, आठवड्याची पाळी आधी सांगायला, आजारी माणसाला खरंच रजा द्यायला मुख्यतः कुणीतरी ठरवावं लागतं.

## माझी माहिती कुठे जाते?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने विचारू. तपासणीचे आकडे, पावलांचं घड्याळ, ‘मूड’ नोंदवणारं ॲप, यातलं किती मालकापर्यंत पोचतं? ठरीव उत्तर असतं: ‘कंपनीला फक्त एकत्रित अहवाल मिळतो, नावं नाहीत.’ ठीक. पण तुमची टीम सहा जणांची असेल आणि अहवालात ‘एका सदस्यात तीव्र नैराश्याची लक्षणं’ असं आलं, तर नाव लिहायची गरज उरते का? गेल्या महिन्यात कोण रजेवर होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून विचारायचं ते असं: किमान किती माणसांच्या गटाचाच अहवाल बनतो? माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहते, आणि नोकरी सोडल्यावर तिचं काय होतं?

‘ऐच्छिक’ या शब्दाकडेही नीट बघा. अमेरिकेत यावरून कोर्टकज्जा झाला. तपासणीला नकार दिला की विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत फटका बसू शकत असेल, तर त्याला ऐच्छिक कसं म्हणायचं? २०१७ मध्ये न्यायालयाने नोकरीतला भेदभाव रोखणाऱ्या सरकारी आयोगाला बजावलं की हा आकडा ऐच्छिक कसा ठरतो याचं पुरेसं कारण तुम्ही दिलेलं नाही, आणि १ जानेवारी २०१९ पासून आयोगाचा तो नियम रद्द झाला.

## पुढचा मेल आला की

मी आता मेल वाचताना तीनच गोष्टी शोधते. यात भाग घ्यायला कामाच्या वेळेतला वेळ मिळणार आहे की माझ्या सुट्टीतला? भाग न घेतल्याने काही बिघडणार आहे का? आणि या सगळ्यात कामाबद्दल काही बदलतंय का, एखादी वेळ, एखादी पाळी, एखादा नियम? फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर मेल-फोनपासून सुटका कशी मिळेल यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. तसलं एखादं वाक्य मेलमध्ये दिसलं तर मी तो पुन्हा वाचते.

ध्यानाच्या त्या सत्रानंतर मी एचआरला उत्तर पाठवलं होतं. सत्र चांगलं होतं, आभार, फक्त एक विनंती: पुढच्या वेळी तो पाऊण तास सगळ्यांच्या कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवता येईल का, म्हणजे त्यात कुणाला मीटिंग टाकता येणार नाही? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सभ्य आणि मला वाटतं प्रामाणिकही. सत्रांचं बजेट आमच्याकडे असतं, असं त्यांनी लिहिलं होतं. कॅलेंडर टीम लीडकडे.